खंडेनवमी आणि पोळ्यांचा कागद

आज खंडेनवमी. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीतून सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं दीक्षाभूमीकडे चालली आहेत. उद्या रस्ते बंद, म्हणजे गाडी बाहेर निघणार नाहीच. पण पूजेला उभी राहायची तर चाकांच्या रिमा चमकल्या पाहिजेत, हा बाबांचा नियम. बाबा नाहीत, त्यांची १९९२ची हीरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकल आहे.

पावसाळाभर झाकून ठेवलेली. कव्हर काढलं तर रिमांवर तांबड्या पुळ्या, जिथे स्पोक रिममध्ये शिरतो तिथे, निपलच्या, म्हणजे स्पोक धरणाऱ्या छोट्या नटाच्या, भोवती गोल. क्रोम गंजत नाही, खालचं लोखंड गंजतं आणि थरातल्या बारीक छिद्रांतून वर येतं. तो वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, खाली निकेल. भांड्याच्या तारेच्या घासणीनं एक दिवाळी घासली तर पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट. हा प्रयोग मी करून बसलोय, मागच्या रिमवर ओरखडे अजून आहेत.

आता पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद वापरतो. तळहाताएवढा तुकडा चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा, हलक्या हातानं घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. थोड्या वेळानं बोटांखाली काळपट रबडी तयार होते आणि खरखर थांबते. ती खरखर थांबली की समजायचं, गंज गेला. मग ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरडं करायचं, वर मेणाचं पॉलिश. ज्या ठिकाणी क्रोमच उडालंय तिथे कागदही काही करू शकत नाही.

आई दारातून म्हणाली, "पोळ्या गुंडाळाचा कागद आहे न तो? अख्खा संपवतो का आता?"

दहाच्या सुमारास भाचा आपली नवी गाडी घेऊन आला. स्पोकऐवजी काळी अलॉय चाकं, पुढे डिस्क ब्रेक. पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, काऊन हातानं फिरवून राह्यला? मेन स्टँडवर लाव, फर्स्टमधी टाक, फडकं धरून ठेव. चाक आपोआपच फिरते न."

मी उजव्या हाताची तर्जनी दाखवली. नख वाकडं उगवतं तिचं.

कॉलेजात असताना मी नेमकं हेच केलं होतं, याच गाडीवर. बाबांच्या जुन्या बनियनचं फडकं, इंजिन चालू, पहिला गिअर. फडक्याची एक सुटलेली दोरी स्पोकनं उचलली आणि बोटाला गुंडाळून आत ओढली. सीडी हंड्रेडची चेन पूर्ण डब्यात बंद असते म्हणून नखावर भागलं. उघड्या चेनच्या गाडीवर बोट स्प्रॉकेटपर्यंत, चेनच्या दातेरी चक्रापर्यंत, गेलं असतं. बाबा ओरडले नाहीत. चावी फिरवून बंद केली आणि शर्टाच्या खिशात टाकली. तेव्हापासून गाडी धुताना चावी माझ्या खिशात, गाडी न्यूट्रलला, चाक हातानं. बिचाऱ्या भाच्याच्या गाडीची चेन उघडीच आहे. त्याचीही चावी मी काढून घेतली.

त्यानं पिशवीतून बाथरूमच्या फरशीचं ॲसिड काढलं तेव्हा मात्र माझा आवाज चढला. त्या ॲसिडनं अलॉयचा रंग जातोच, शिवाय आतलं ॲल्युमिनियमही खाल्लं जातं. रंगवलेल्या अलॉयला गाडीचा शाम्पू, बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तेही चाक थंड झाल्यावर, सावलीत. ऑक्टोबरच्या आपल्या उन्हात शाम्पू चाकावरच वाळतो आणि डाग पडतात. पॉलिशचं फडकं डिस्कला लावू नको, हे तीनदा सांगितलं. डिस्क चमकते, पण मेण ब्रेकच्या पॅडमध्ये मुरलं की ब्रेक दाबून उपयोग नाही. टायरला काळं चमकवायचं ते द्रावणही फक्त कडेला, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर थेंब नको.

माझ्या गाडीला दोन्हीकडे बंद डब्यातले ड्रम ब्रेक. ते उघडलेच नाहीत, आणि आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवायची तर नाहीच. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. बाहेरून ओलं फडकं, बस.

शेवटी बाबांचं जुनं काम. पाना घेऊन प्रत्येक स्पोकवर हलकं टिचकावत गेलो. टुण्ण, टुण्ण, टुण्ण. मागच्या चाकाला व्हॉल्व्हपासून चौथा स्पोक ठस्स वाजला. ढिला. तो आवळायचा मोह झाला, पण एकटाच आवळला की रिम वाकडी ओढली जाते आणि चाक डोलतं. त्याला चाक ट्रूइंगवर, म्हणजे फिरवून सरळ करायच्या स्टँडवर, लावूनच बसवावं लागतं. मिस्त्री परवा दुकान उघडेल. तोवर विसरू नये म्हणून त्या स्पोकला लाल दोरा बांधला.

हात धुऊन आलो. नखांतली काळी रबडी निघता निघेना. बाहेर पाहतो तर आई गाडीपाशी वाकलेली. तिला वाटलं, दोरा पूजेचा आहे. नेमकं त्या ढिल्या स्पोकला तिनं हळदकुंकू लावलं होतं, आणि वर झेंडूचं एक फूल खोचलं होतं. मी फूल काढून हँडलला लावलं. कुंकू राहू दिलं.