तुम्ही विचारलंत म्हणून: हेडफोनच्या केबलला पिन कुठली लावू?

हेडफोनची केबल मी घरीच बनवतो हे कळलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, पिन कुठली घेऊ, आणि लगेच त्याच्यामागून दुसरा, महागातली घेतली तर आवाज सुधारेल का. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढतो, तोंडी सांगताना अर्धं राहूनच जातं.

आवाजाचं आधी संपवू. पिन आणि सॉकेट जिथे टेकतात तिथला रेझिस्टन्स अगदी १० मिलिओहम धरला तरी ३२ ओहमच्या हेडफोनसमोर तो ०.०३ टक्के होतो, म्हणजे आवाजात पडणारा फरक ०.००३ डेसिबलच्या आसपास, आणि एवढा फरक माणसाच्या कानाला कळत नाही. सोन्याच्या मुलाम्याचंही तेच, चांदी आणि तांबं दोन्ही सोन्यापेक्षा चांगले वाहक आहेत, मुलामा असतो तो फक्त गंज धरू नये म्हणून. मुंबईत किंवा कोकणात खाऱ्या दमट हवेत राहत असाल तर मात्र मुलाम्याची पिन जरूर घ्या, कारण काळवंडलेली पिन फिरवली की खरखर येते आणि ती खरखर चांगलीच ऐकू येते. ऱ्होडियमचा मुलामा कडक असतो, झिजत नाही, पण त्याने आवाज उजळतो वगैरेसाठी पैसे घालू नका, वाहक म्हणून तो सोन्याच्याही मागे आहे.

मग पैसे कशासाठी द्यायचे? केबल कुठे मरते ते बघा ना. वायर मध्येच तुटलेली क्वचितच दिसेल, ती जाते पिनपाशी, जिथे रोज वाकते, ओढली जाते, खिशात दाबली जाते. म्हणून मी पिन हातात घेतली की आधी ती उघडतो आणि वायर कशी धरून ठेवलीये तेवढं बघतो. न्यूट्रिकच्या मोठ्या ६.३५ मिमी पिनमध्ये एनपी३एक्स म्हणून जी येते तिच्यात ड्रिल मशीनसारखा चक असतो, मागचं टोपण आवळलं की तो केबल चहूबाजूंनी पकडतो, ओढ सगळी बाहेरच्या आवरणावर येते आणि सोल्डरला धक्का लागत नाही. साध्या ३.५ मिमी पिनमध्ये पत्र्याचे दोन कान असतात, ते पक्कडीने दुमडायचे, तेही चालतं पण पत्रा जाड हवा. आणि जिच्यात वायर नुसत्या सोल्डरच्या भरवशावर लटकते ती पिन कितीही चकचकीत असो, मी परत ठेवतो.

दुसरी परीक्षा उष्णतेची. ३.५ च्या पिनवर टोक म्हणजे डावा कान, मधली रिंग म्हणजे उजवा आणि मागचा भाग ग्राउंड (दोघांची परतीची सामाईक वाट), या तिघांच्या मध्ये प्लास्टिकच्या चकत्या असतात आणि स्वस्त पिनमध्ये त्या सोल्डरिंग आयर्न लावताच मऊ पडतात, रिंग सरकते, मग एका कानात आवाज येत नाही आणि माणूस वायरला दोष देत बसतो. म्हणून सोल्डर करताना पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवायची, सॉकेट उष्णताही ओढून घेतं आणि रिंगा जागेवर राहतात. सोल्डर ६३/३७ चा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) घ्या, तो १८३ अंशांला एकदम वितळतो आणि एकदम गोठतो, त्यामुळे हात हलून कच्चा जोड राहण्याची भीती कमी. वायरीच्या बारीक तारांवर इनॅमलचा (वीज अडवणारा, रंगासारखा) थर असेल तर तो आधी जाळून घ्यायचा, नाहीतर सोल्डर नुसता वर बसतो आणि आत जोड नसतोच.

नावं हवी असतील तर न्यूट्रिक (लिख्टेनश्टाइनची, १९७५ पासूनची कंपनी), तिचाच स्वस्त भाऊ रियान, अमेरिकेची स्विचक्राफ्ट आणि अ‍ॅम्फेनॉल. रोजच्या केबलला रियान पुरते, खरंच पुरते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घ्यायला जाल तेव्हा केबलचा तुकडा खिशात न्या, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते, जाड विणलेली केबल घेतात आणि ती पिनच्या मागच्या भोकात शिरतच नाही. फोनला जाड कव्हर असेल तर पिनची मान बारीक आहे ना तेही बघा, नाहीतर पिन पूर्ण आत बसणार नाही.

हेडफोनच्या बाजूला काय लागणार हे मॉडेलवर आहे. एकेजीच्या के२४० स्टुडिओला तीन काड्यांचा मिनी एक्सएलआर नावाचा छोटा गोल कनेक्टर लागतो, स्विचक्राफ्टचा टीए३एफ त्यात छान बसतो. सेनहायझरच्या एचडी६०० ला दोन काड्यांचा लागतो, एक जाड एक बारीक. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, एचडी६०० च्या दोन्ही कानांना वेगवेगळ्या दोन-दोन वायर जातात म्हणून नुसती केबल बदलून तो बॅलन्स्ड (दोन्ही कानांचे प्लस-मायनस शेवटपर्यंत वेगळे) होतो, के२४० मध्ये ग्राउंड आतच एकत्र आहे, तिथे चार वायरींची केबल बनवून काहीच हाती लागत नाही, हेडफोन उघडावा लागतो.

बॅलन्स्ड करणार असाल तर नवी केबल ४.४ मिमीची बनवा, २.५ ची पिन इतकी नाजूक असते की वाकते, मोडते आणि तुकडा आत अडकतो. ४.४ वर टोकापासून क्रम डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस, शेवटी ग्राउंड. २.५ चा क्रम एकदम वेगळा आहे, तिथे टोकाला उजवा मायनस येतो, त्यामुळे एकाचं चित्र बघून दुसरी जोडू नका. आणि हे अगदी कळकळीने सांगतो, बॅलन्स्ड अ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्प्लिफायरमधून) साधा ३.५ चा हेडफोन चालवायला अडॅप्टर बनवू नका, त्यात दोन्ही मायनस एकमेकांना शॉर्ट होतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. बॅलन्स्ड केबल साध्या अ‍ॅम्पला लावायचा अडॅप्टर बनवलात तर काही बिघडत नाही.

सोल्डर करण्याआधी पिनचं टोपण आणि हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) वायरीत ओवलंय ना ते बघा. झाल्यावर मल्टीमीटर बीपवर (जोड असला की वाजतो त्या खुणेवर) ठेवून प्रत्येक टोक तपासा, हेडफोन न लावता, आधी कुठल्या दोघांमध्ये शॉर्ट आहे का ते आणि मग पिनपाशी वायर चारी बाजूंना वाकवत बीप तुटतो का ते. तुटला तर आत्ताच खोला.

आता तुम्ही मला दोन गोष्टी कळवा, हेडफोनचं मॉडेल आणि केबलची बाहेरून जाडी किती मिमी. त्याशिवाय कुठली पिन घ्या हे मी नेमकं सांगू शकत नाही.