एकच माणूस अकरा वेळा कसा निवडून येतो?

माझं गाव सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला म्हटलं की पुण्यात आधी 'काय झाडी, काय डोंगार' होतं. २०२२ला आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा गुवाहाटीतला तो फोन गाजला, तेव्हापासून त्याला इलाज नाही. ते हसणं ओसरलं की कुणी तरी हमखास विचारतं, "ते एसटीनं फिरणारे आमदार तुमचेच ना? अकरा वेळा एकाच माणसाला कसं निवडून दिलंत?" इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

गणपतराव देशमुख. आमचे आबासाहेब. एसटीत आमदारांसाठी एक सीट राखीव असते, तसं खिडकीवर रंगवलेलंही असतं. त्या सीटवर खराच आमदार बसलेला पाहिलेली माणसं आमच्या तालुक्यात पुष्कळ भेटतील. पण साधेपणावर मतं पडतात, हे काही मला पटत नाही. साधी माणसं डिपॉझिटसकट पडलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

आबासाहेबही पडले होते. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) ते पहिल्यांदा आमदार झाले. १९७२ला हरले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ला फक्त १९२ मतांनी गेले, आणि पाडलं कुणी, तर त्याच झाडी-डोंगारवाल्या शहाजीबापूंनी. तेव्हा 'सलग अकरा वेळा' म्हणू नका. अकरा वेळा मात्र खरं, शेवटची २०१४ची. मतदारसंघ तोच, पक्षही तोच.

१९७८ला आणि १९९९ला थोडा थोडा काळ मंत्रिपद मिळालं, बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. विरोधातल्या आमदाराच्या हातात काय असतं? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा. पण ही आयुधं वापरायची तर कागद वाचावा लागतो, आणि हा माणूस पेशानं वकील होता. तर पहिलं कारण पाणी. आमचा तालुका नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला. शेपटाला असणं म्हणजे काय, ते तिथं शेती केल्याशिवाय कळत नाही. कागदावर तुमची पाण्याची पाळी सुरू झालेली असते, वरची दारं रात्रीतून उघडलेली असतात आणि तुमच्या चारीत पाण्याऐवजी काटेरी चिलारी वाढलेली असते. अशा वेळी मंत्र्याशी ओळख असून भागत नाही. पाणी किती सोडलं आणि टेलला किती पोचलं, हे आकड्यांत विचारणारा माणूस सभागृहात लागतो. सभागृहाबाहेर नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३पासून आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या, तिथंही आबासाहेब होतेच. टेंभू उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी आमच्याकडं यायला त्यानंतर किती वर्षं गेली ते विचारू नका.

दुसरं कारण आबासाहेबांनी काढलेली सूतगिरणी. कापसाचा पत्ता नसलेल्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढणं हा वेडेपणाच म्हणायचा. पण ती चालली. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्यांना कुलपं लागली, त्या काळात चालली. पाऊस नसलेल्या वर्षी घरात एक पगार येत असेल तर ते घर कुणाला मत देणार?

आणि तिसरं, जे पुण्यात कुणाला ऐकायचं नसतं: जातीचं गणित. तालुक्यात धनगर समाजाची मतं मोठी आणि आबासाहेब त्या समाजातले. नुसत्या त्या गणितावर पन्नास वर्षं निघत नाहीत हे खरंच, पण ते नव्हतंच असं म्हणणारा सांगोल्याचा नव्हे.

माझी तक्रार एकच. तालुक्यात दुसरा माणूस तयार झाला नाही. २०१९ला वयामुळं ते थांबले आणि उमेदवारी नातवाला गेली. तो ७६८ मतांनी पडला. ३० जुलै २०२१ला आबासाहेब गेले. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आले. मीही त्यांनाच मत दिलं. घराणेशाही म्हणाल तर आहेच.