तुम्ही विचारलंत म्हणून: आईचा जीव कुणात होता

"एवढं सगळं कुत्र्या-मांजरांचं केलं त्यांनी, पण तुमच्याकडं लक्ष दिलं का हो?"

आई 2023 मध्ये गेली, 91 वर्षांची होऊन. तेराव्याच्या पंगतीत एका बाईंनी मला हे विचारलं. त्याआधी शाळेत विचारलं गेलं, लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं, आता सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात. दर वेळी मी "दिलं की" म्हणून विषय बदलला. आज नीट सांगते.

आईला ही ओढ पानशेतच्या पुरानं लागली, असं आमच्या नात्यात सांगतात. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा ती पुण्यात नारायण पेठेत नवी सून होती. नदीकाठच्या गोठ्यांत दावणीला बांधलेली जनावरं जागच्या जागी बुडाली, तेव्हापासून म्हणे तिचं मन तिकडं वळलं. आईला हे अजिबात मान्य नव्हतं. "पुरात मी माणसांच्या कपड्यांची गाठोडी बांधत होते," ती म्हणायची, "आणि मांजरं माझ्या माहेरीही होती." माणसांचंही तिनं तेवढंच केलं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा साठी ओलांडलेली आई दिवसभर गोधड्या शिवत बसायची. ससून हॉस्पिटलमध्ये तर ती वर्षानुवर्षं जात होती. खेड्यातून आलेल्या बायकांना केसपेपर कुठं काढायचा, एक्स-रे कुठल्या इमारतीत, रक्त लागलं तर कुणाला भेटायचं, हे सांगत त्यांच्याबरोबर हिंडायची. तेव्हाही ती घराबाहेरच असायची, पण त्याबद्दल मला कुणी विचारत नाही. स्वतः अंडंही न खाणारी बाई कुत्र्या-मांजरांसाठी कोंबडीची पाय-मुंडी आणून गॅलरीतल्या वेगळ्या स्टोव्हवर शिजवते, हे मात्र लोकांच्या डोळ्यांत खुपतं.

आम्हाला त्रास झाला का? झाला. माझ्या मैत्रिणी घरी यायला कचरत. स्नेहसंमेलनाला आई उशिरा आली तर कारण विचारावं लागत नसे, साडीवरच दिसायचं. हे मी लपवत नाही.

आता 1974 चं सांगते. पेठेतल्या जुन्या लोकांना ते माहीत आहे, पण अर्धंच.

आमच्या बोळातल्या चंपी कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक खाईना, म्हणून आईनं ते वर आणलं. कोपऱ्यात गप्प बसून असायचं. खालचा जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, पाण्यात तोंड घालायचं पण घोट उतरायचा नाही. आईला वाटलं घशात हाड अडकलंय. दादानं टॉर्च धरला, मी पिल्लाला मांडीवर घट्ट धरलं आणि आईनं त्याच्या घशात बोटं घालून पाहिलं. हाड नव्हतं. लगोरी खेळताना पडून माझा गुडघा सोलवटला होता, त्यावर पिल्लाची सगळी लाळ. दादाच्या नखुरड्यांना नेहमीच चिरा असायच्या.

संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तोंडात हात कुणी घातला?" पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून येणारा, चावणारा, एवढंच तोवर आम्हाला ठाऊक होतं. रेबीज असा मुकाटही येतो, जबडा आणि घसा लुळा पाडतो आणि बघणाऱ्याला हाड अडकल्यासारखं वाटतं, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. पिल्लू दोन दिवसांत गेलं. औंधच्या प्रयोगशाळेत त्याचा मेंदू तपासला गेला आणि शंका खरी निघाली.

लाळ जखमेला लागली तरी रेबीज होऊ शकतो, म्हणून मग आम्हा तिघांना इंजेक्शनं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस होती. पोटात, बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक, अशी चौदा. ती लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात मोजकी इंजेक्शनं घेऊन माणूस ऑफिसला जातो, त्याला आमचं ते पोट कसं कळावं? सुजून दगडासारखं झालं होतं. त्या लसीनंच क्वचित कुणाला लकवा व्हायचा, हे बाबांच्या कानावर आलं होतं. ते रोज सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून आम्हाला दोनदा जिना चढायला लावायचे आणि आमच्या पायांकडं बघत राहायचे. आईशी ते बोलत नव्हते. आई तव्यावर फडकं गरम करून आधी दादाचं पोट शेकायची, मग माझं. स्वतःचं कधी शेकलं, मी पाहिलं नाही.

खाली बोळात चंपी आणि उरलेली पिल्लं होती. ती त्याच पिल्लाबरोबर एकमेकांना चाटत, चावत वाढलेली. बोळातली सगळी पोरं त्यांना उचलून खेळायची. रेबीज अंगात महिनोन्‌महिने दबून राहू शकतो, तेवढे दिवस त्यांना कोंडून ठेवायला जागा कुणाकडंच नव्हती. तेव्हा कुत्री धरून न्यायची गाडी यायची, आणि नेलेलं कुत्रं परत येत नसे. गाडी एकदा येऊन रिकामी गेली. चिमटा दिसताच चंपी ओट्याखालच्या पोकळीत शिरायची, ती हाती लागेना.

गाडी परत आली तेव्हा आई दुधात कुस्करलेली पोळी घेऊन खाली गेली. मी गॅलरीत होते. तिनं नेहमीच्याच आवाजात हाक मारली, "चंपे, ये गं." चंपी शेपटी हलवत बाहेर आली. आईनं तिला खाऊ दिलं. तिचं खाऊन होईपर्यंत गाडीवाल्याला हातानं थांबवून धरलं, आणि मग स्वतःच तिच्या गळ्यात दोरी घातली. पिल्लं ओट्याखालून एकेक काढून तिनंच दिली. गाडी गेल्यावर नळावर लाइफबॉय घेऊन हात धूत राहिली. मग वर आली, तवा ठेवला आणि मला म्हणाली, "पालथी झोपू नकोस."

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं एवढंच उत्तर आहे. जिला ती बाई दोन वर्षं हातानं भरवत होती, तिला तिनं आमच्यासाठी आणि बोळातल्या पोरांसाठी हाक मारून बोलावलं. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ती आली नसती, म्हणून. लक्ष याहून वेगळं काय द्यायचं असतं, तुम्हीच सांगा.

बाविसाव्या वर्षी मला हे पटत नव्हतं. त्या वयात मी आईला तोंडावर म्हणाले होते की तुझा जीव आमच्यात कमी आणि त्यांच्यात जास्त. ती म्हणाली, "ताट वाढलंय, आधी जेव." त्या मुलीशी मी आजही भांडते, पण ती दर वेळी हरतेच असं नाही. कारण चंपी गेल्यावर पुढच्याच वर्षी आईनं दुसरं पिल्लू घरात आणलं. लस टोचून आणलं, पण आणलं. दादा महिनाभर आत्याकडं सदाशिव पेठेत राहायला गेला. आईनं त्याला डबे पोचवले, पिल्लू मात्र परत केलं नाही. ती असं का वागली, ते मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही, आणि तिच्या वतीनं सफाई देणार नाही.

त्यानंतर दर वर्षी बोळातल्या एकूण एक कुत्र्याला तिनं रेबीजची लस टोचून घेतली. पैसे कुठून आणले ते बाबांनाही उशिरा कळलं, तिच्या हातात एकच बांगडी उरली तेव्हा. पुढं माद्यांची ऑपरेशनं करवून घेऊन त्यांना परत त्याच बोळात सोडायला लागली. कायद्यानं हेच 2001 च्या नियमांत सांगितलं आणि 2023 च्या नियमांत पुन्हा सांगितलं: नसबंदी, लस, आणि उचललं तिथंच सोडणं. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली कुत्री उचलायला सांगितली आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलला. तेव्हा सोसायटीतले लोक मला थांबवून विचारत होते, "तुमच्या आई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" माझा अंदाज असा की तिनं आधी विचारलं असतं, तुमच्या गल्लीतल्या किती कुत्र्यांना लस दिलीय. आणि पोराला कुत्र्यानं चाटलं-चावलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग त्याच दिवशी दवाखाना, हे पाठ करून घेतलं असतं. आम्हाला तिनं ते पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं होतं.

दादा कोथरूडला असतो. त्या वर्षापासून त्यानं कुत्र्याला हात लावलेला नाही, आणि आईला त्यानं पूर्ण माफ केलेलं नाही. अंत्यविधी आटोपून आल्यावर तो म्हणाला, आई त्या दिवशी नळावर रडत होती ती चंपीसाठी, आपल्यासाठी नाही. मी म्हटलं, ती रडत नव्हती, हात धूत होती, आणि मधूनमधून वर आपल्या खिडकीकडं बघत होती. त्याला ते पटलं नाही. पण तो तेव्हा ताप येऊन आतल्या खोलीत झोपला होता. गॅलरीत मी होते.