व्हॅन, वार आणि मासळी : बार्सिलोना ते जिनोव्हा

या सहलीचा नकाशा उघडायच्या आधी मी आठवड्याचे वार कागदावर मांडते. स्पेनमधलं बार्सिलोना ते इटलीतलं जिनोव्हा, हायवेने साधारण साडेआठशे-नऊशे किलोमीटर, मनावर घेतलं तर दोन दिवसांत उरकणारं. पण झोपायची-रांधायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन घेऊन निघायचं आहे खाण्यासाठी, आणि खाणं वारावर ठरतं. बार्सिलोनाच्या कातालोनिया प्रांतातल्या ट्रॉलर बोटी सोमवार ते शुक्रवार समुद्रात जातात, म्हणून सोमवारी सकाळी मासळी घेऊ नये, ती बहुधा मागच्या आठवड्याची. सीमेपलीकडच्या फ्रेंच कोलिऊर गावचा बाजार बुधवारी आणि रविवारी. नीसच्या कूर सालेया या बाजारचौकात सोमवारी भाजीऐवजी जुनीपुराणी भांडी आणि फर्निचर मांडलेलं असतं. इटलीच्या सीमेवरच्या व्हेन्तिमिल्याच्या शुक्रवारच्या बाजाराची ख्याती मोठी, पण तिथे कपडे आणि पर्सच जास्त, शिवाय सीमेवर गाड्यांची रांग. खाणाऱ्याने इतर दिवशी सकाळी तिथल्या छपराखालच्या मंडईत जावं.

यानंतरचा प्रश्न व्हॅनच्या उंचीचा. फोक्सवॅगन कॅलिफोर्नियासारखी, छत वर उचलता येणारी व्हॅन २ मीटरच्या जरा आत बसते, तर फियाट दुकातो या मोठ्या गाडीवर बांधलेली साधारण २.६ मीटर उंच. फ्रान्सच्या टोलवर २ मीटरपर्यंतच्या गाडीला पहिला वर्ग, २ ते ३ मीटरला दुसरा, म्हणजे प्रत्येक नाक्यावर जादा पैसे. त्याहून डोकेदुखी समुद्रकाठच्या पार्किंगवरच्या लोखंडी आडव्या दांड्यांची. १.९ ते २.१ मीटरवर टांगलेल्या या दांड्या मुद्दाम कॅम्परवाल्यांना हाकलण्यासाठीच आहेत आणि त्या पाहून माझं डोकं फिरतं. शंभर मीटरवर समुद्र, पलीकडे कोळ्याचं दुकान, आणि तुम्ही गावाबाहेरच्या सुपरमार्केटच्या आवारात. पण बुटक्या व्हॅनचा फ्रिज साधारण ४० लिटरचा, दुकातोचा त्याच्या दुपटीच्या आसपास. तरी माझं मत बुटकीलाच. लहान फ्रिजमुळे रोज बाजारात जावं लागतं, आणि बाजारात जायलाच तर आपण आलो.

फ्रिज कोणत्या जातीचा, हे भाड्याच्या करारावर सही करण्याआधी विचारा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज हवा. गॅसवर चालणारा शोषण-प्रकारचा फ्रिज गाडी जराशी तिरकी उभी राहिली तरी कुरकुरतो आणि भर उन्हाळ्यात पुरेसा गारच होत नाही. गॅससाठी कँपिंगाझचा ९०७ नंबरचा सिलिंडर सोयीचा. त्यात २.७५ किलो ब्युटेन असतो, आणि रिकामा देऊन भरलेला घ्यायची सोय स्पेन, फ्रान्स, इटली तिन्हीकडे आहे. बाकी सिलिंडरांचे आटे आणि रेग्युलेटर देशागणिक बदलतात. गाडी चालू करण्याआधी सिलिंडरचा खटका बंद करायचा, हे विसरून चालत नाही.

कागदपत्रांचं एका दमात सांगते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना सोबत ठेवा. साडेतीन टनांपर्यंतच्या व्हॅनला साधा कारचा परवाना पुरतो. व्हॅन एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर त्याची फी सगळं बजेट खाऊन टाकते, म्हणून बार्सिलोनाला घेऊन बार्सिलोनालाच परत करा. तारागोना ते फ्रान्सच्या सीमेवरचं ला जोंकेरा हा एपी-७ हायवेचा भाग सप्टेंबर २०२१ पासून टोलमुक्त आहे. मात्र बार्सिलोना ते पर्पिन्याँ या पट्ट्यातल्या हायवेच्या विश्रांतीथांब्यांवर रात्री झोपू नका, चोऱ्यांसाठी ते बदनाम आहेत.

कातालोनियातल्या पालामोस बंदरात बोटी दुपारी चार-पाचच्या सुमारास परततात. लिलाव परवानाधारकांचा, पण बंदराशेजारच्या मंडईत तीच लाल कोळंबी मिळते. भाव ऐकून घाम फुटतो, म्हणून माणशी शंभर ग्रॅमच घ्या. तव्यावर जाडं मीठ पसरून दोन्ही बाजूंनी मिनिटभर, बस्स. डोकं फेकणाऱ्याने कोळंबीवर पैसेच घालवू नयेत. आणखी एक गोष्ट, स्पेनमध्ये गाडी पार्क करणं आणि तळ ठोकणं या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. चाकं आखलेल्या चौकटीत आणि बाहेर काहीच नाही, तर पार्किंग. एक खुर्ची किंवा छतरी बाहेर आली की तळ, आणि दंडाची पावती. म्हणून मासे तळायचे ते कँपसाइटवरच. वर उचलायच्या छताचं कापड तळणीचा वास असा धरून ठेवतं की तो पुढचे तीन दिवस उशीत येतो.

कोलिऊरला खारवलेला अँकोव्ही घ्यायचा. तो आपल्या मांदेलीच्याच कुळातला. मीठ लावून महिनोन्महिने मुरवलेला असतो, तेलातला नको, मिठातला घ्या. थंड पाण्यात धुऊन, मधला काटा बोटाने ओढून, कोरडा करून ऑलिव्ह तेलात घालायचा. बरणी फ्रिजमध्येच ठेवावी लागते.

आणि मग दक्षिण फ्रान्सचं, समुद्राला लागून असलेलं थो सरोवर. सगळ्या वाटेत एकच थांबा ठेवायचा झाला तर मी त्याच्या काठच्या बूझीग गावचा ठेवीन. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे अटलांटिककाठासारखी कालवं ओहोटीला उघडी पडत नाहीत. इथे कालवं सिमेंटच्या ठिपक्याने दोरीला चिकटवतात आणि पाण्यात रोवलेल्या लोखंडी चौकटींवरून त्या दोऱ्या खाली सोडतात. रेस्टॉरंटमध्ये जाऊ नका. काठावरच्या उत्पादकांच्या शेडमधून डझनाने घ्या. आकाराचा क्रमांक उलटा चालतो, म्हणजे ५ नंबर सर्वांत लहान, ० सर्वांत मोठा. नवख्याने ३ घ्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये ती दुधाळ होतात, मला त्या दिवसांत आवडत नाहीत. जोरदार पावसानंतर पाणी दूषित झालं तर प्रशासन विक्रीच थांबवतं, म्हणून आधी चौकशी करा.

कालवं फ्रिजमध्ये ठेवताना खोलगट बाजू खाली, वर ओलं फडकं, ५ ते १० अंश. कूलिंग प्लेटला टेकली तर गोठून मरतात. नळाच्या पाण्यात बुडवली तरी मरतात आणि हवाबंद पिशवीत गुदमरतात. उघडं दिसलेलं कालव टिचकी मारूनही मिटलं नाही तर टाकून द्या. सुरी आखूड पात्याची, हातात जाड फडकं. बिजागरी डाव्या हाताच्या तळव्याकडे धरून, तिथून दोन तृतीयांश अंतरावर उजव्या कडेने टोक घालायचं. स्नायू तिथेच असतो, तो कापला की झाकण सुटतं. पहिलं पाणी ओतून टाका, कालव थोड्या वेळात पुन्हा पाणी सोडतं आणि खरी चव त्या दुसऱ्या पाण्याला असते. सोबत शेजारचीच पांढरी वाइन, पिकपूल द् पिने. पलीकडे सेतला तिएल मिळतो, टोमॅटोच्या तिखट रश्श्यात ऑक्टोपस भरलेली पोळीच्या पिठाची नव्हे, ब्रेडच्या पिठाची बंद कचोरी. तो गरम खावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला घेऊ नये.

पुढे कामार्गच्या पाणथळ मुलखात मिस्त्राल हा जोरदार वारा सुटला की बाहेर शेगडी पेटत नाही आणि वर उचललेलं छत खाली घ्यावं लागतं. त्या दिवशी बैलाचं मटण आणि लाल भात बाहेरच खा, पण बारा ते दोनमध्येच. अडीच वाजता फ्रान्समधलं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि कुणी दया दाखवत नाही. स्पेनमध्ये त्याच वेळी जेवणाला रंग चढलेला असतो.

मार्सेयला व्हॅन नेऊ नका, जवळच्या ओबान्यला ठेवून रेल्वेने जा. सकाळी जुन्या बंदरावर बोटीवाले मासे विकतात. बुयाबेस या मार्सेयच्या माशांच्या रश्श्याचा १९८० चा एक जाहीरनामा आहे. त्यात कोणते मासे हवेत हे ठरलेलं आहे, आणि मासे गिऱ्हाइकासमोर कापायचे असतात. बुयाबेस चांगल्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. पंचवीस युरोत लगेच मिळते तिला मी माशाची आमटी म्हणते. प्रोव्हान्समध्ये उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने उघड्या आचेवर बंदी असते, कोळशाची शेगडी घरीच ठेवा.

नीसचा सोका म्हणजे बेसनाचं धिरडंच, फक्त तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. जिनोव्हाला तोच फारिनाता होतो. कँपवर करायचा तर पीठ एक भाग, पाणी तीन भाग, किमान चार तास भिजवून वरचा फेस काढायचा. पण व्हॅनच्या शेगडीला वरून धग नाही, म्हणून तो मऊच राहतो. विकतचाच खा.

लिगुरियात, म्हणजे जिनोव्हाच्या किनारपट्टीवर, डोंगर आणि समुद्र यांच्यात रस्त्यालाच जागा नाही, व्हॅनला कुठून असणार? जुन्या भागात वाहनबंदीचे कॅमेरे असतात आणि दंड महिन्यांनी भाडेकंपनीमार्फत घरी पोचतो. पेस्तोसाठी, म्हणजे तुळशीच्या चटणीसाठी, प्रा गावची कोवळी, बारीक पानांची तुळस घ्या, ती त्याच दिवशी वाटा. रेक्कोची फोकाचा, म्हणजे चीज भरलेली चपटी रोटी, भट्टीतून निघाल्यावर दहा मिनिटांत खायची असते, त्यासाठी व्हॅन कँपवर सोडून लोकल पकडा.

परतताना बार्सिलोनाला पोचण्याच्या आदल्या रात्री सांडपाण्याची टाकी रिकामी करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, फ्रिज पुसून दार उघडं ठेवा. मासळीच्या वासाचा सफाई-आकार डिपॉझिटमधून कापला जातो. अँकोव्हीची बरणी चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ती सुरक्षा तपासणीला जप्त होते.