आमची वाटचाल: तसबिरींपासून दोबिन्यीच्या बागेपर्यंत

आमचं दुकान बडोद्यात, दांडिया बाजारात. आजोबांनी सुरू केलं तेव्हा पाटीवर ‘तसबिरी व चौकटी’ एवढंच होतं. दत्त, गणपती, खंडोबा, शिवाय घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, तेही तेराव्याच्या आत हवेत म्हणून घाईचे. बडोद्याला छापील चित्राचं अप्रूप जुनं. राजा रवि वर्म्यांनी इथे सयाजीराव महाराजांसाठी चित्रं केली, पुढे १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. त्या तसबिरी आजोबांकडे दुरुस्तीला यायच्या. मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, वरचं वॉर्निश पिवळं पडलेलं, तरी घरच्यांना नवी नको असायची. हीच नीट करून द्या, म्हणायचे.

बाबांच्या काळात गिऱ्हाईक बदललं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स १९५० साली सुरू झालं, इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला आले, आणि पुढे कित्येक वर्षं तिथली मुलं प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आमच्या ओट्यावर चित्रं घेऊन बसायची. ‘पोस्ट-इम्प्रेशनिस्ट’ हा व्हॅन गॉगसारख्या चित्रकारांसाठीचा शब्द बाबांनी त्या मुलांकडूनच ऐकला. रविवारी ते मला कमाटी बागेतल्या पिक्चर गॅलरीत न्यायचे. तिथे युरोपातली जुनी तैलचित्रं आहेत. लोक चित्रं बघायचे, आम्ही दोघं चौकटींचे कोपरे बघायचो. सांधा बंद आहे की उघडला, पट्टीवरची नक्षी कोपऱ्यात जुळते की नाही. मी कॉमर्स केलं, पण खरं शिक्षण हे.

मी दुकानात बसायला लागले तेव्हा देवांच्या तसबिरींचा धंदा उतरला होता. एक निवृत्त शिक्षिका काकू आल्या. वाडीतलं जुनं घर सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, परसात प्राजक्त होता, अबोली होती, आता नुसती भिंत आहे. झाडाफुलांचं काहीतरी दे, पण कॅलेंडरसारखं नको.” मी त्यांना एका पुस्तकात डच चित्रकार व्हॅन गॉगचं ‘दोबिन्यीची बाग’ दाखवलं. काकूंनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे हवंय.”

हे चित्र जुलै १८९० चं, पॅरिसजवळच्या ओव्हेर गावातलं. दोबिन्यी हा व्हॅन गॉगला फार आवडणारा निसर्गचित्रकार. तो १८७८ मध्ये वारला होता, पण त्याची विधवा पत्नी ओव्हेरमधल्या त्याच्या घरात राहत होती. व्हॅन गॉगनं बागेचं चित्र एकदा नाही, तीनदा केलं. मोठी दोन चित्रं सुमारे अर्धा मीटर उंच आणि एक मीटर लांब, म्हणजे दोन चौरस शेजारी ठेवल्यासारखी. भाऊ थिओला २३ जुलैला लिहिलेल्या पत्रात त्यानं त्याचं रेखाटन काढलं आणि रंग एकेक करून सांगितले: पुढे हिरवं-गुलाबी गवत, मध्ये गुलाबाचा वाफा, मागे गुलाबी घर आणि त्याचं निळसर छप्पर, एक बाक, तीन खुर्च्या, पिवळी टोपी घातलेली काळसर आकृती, पुढ्यात काळी मांजर. सहा दिवसांनी तो गेला. मी हे गिऱ्हाईकाला सांगते तेव्हा आवाज आपोआप खाली येतो.

काकूंना ते चित्र आम्ही शहरातल्या एका छपाईवाल्याकडून चकचकीत कागदावर काढून दिलं. दीड वर्षानं त्यांचा फोन आला, “वेळ मिळेल तेव्हा येऊन बघ.” पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत. गुलाबी गवत पांढुरकं झालेलं, हिरवा रंग निळ्याकडे गेलेला. काकू रागावल्या नाहीत, चहा दिला. तो चहा मला गेला नाही. शाई विरघळणाऱ्या रंगाची होती, उन्हानं लवकर तुटणारी, आणि ती कोणती आहे हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. चूक छपाईवाल्याइतकीच माझी.

त्यानंतर मी शाईबद्दल मिळेल ते वाचलं, आणि कळलं की हे दुखणं मूळ चित्रांनाही आहे. व्हॅन गॉगनं मे १८८९ मध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयाच्या बागेत रंगवलेली ‘आयरिसेस’, म्हणजे आयरिसची फुलं, आज निळी दिसतात. ती जांभळी होती. त्यातला लाल रंग प्रकाशानं उडाला. त्याला स्वतःला हे ठाऊक होतं. नवे रंग टिकत नाहीत, म्हणून ते मुद्दाम भडक लावावेत, काळ त्यांना मऊ करेलच, असं त्यानं १८८८ मध्येच भावाला कळवलं होतं. काही गिऱ्हाईकं म्हणतात, मग जांभळी छापा ना. मी नाही म्हणते. संग्रहालयात आज चित्र जसं आहे तसंच आम्ही छापतो. उडालेला रंग अंदाजानं भरणं हे माझं काम नाही.

कर्ज काढून पिगमेंट शाईचा प्रिंटर घेतला. ह्या शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते प्रकाशापुढे कितीतरी जास्त तग धरतात. कागद सुती, आम्लमुक्त. फाइल संग्रहालयांनी खुल्या केलेल्या प्रतिमांतून घेतो. चाळीस इंच लांब प्रिंटला इंचाला तीनशे ठिपक्यांच्या हिशेबानं १२,००० पिक्सेल लागतात. नेटवरची हजार-दीड हजाराची फाइल ताणली तर रंगाचे जाड फटकारे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात, आणि ह्या चित्रात फटकारे गेले की उरतं काय?

बाकी काम बाबांचंच. पट्टी ४५ अंशांत कापायची, सांध्याला फेविकॉल, मागून व्ही-नेल, म्हणजे व्ही आकाराचा खिळा. प्रिंट गोंदानं पाठीला चिकटवायचा नाही. वरच्या कडेला कागदी पट्ट्यांच्या दोन बिजागऱ्या लावायच्या, त्याही गव्हाच्या खळीनं, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, हवाच. श्रावणात काचेच्या आत दमट हवा धरते आणि चित्र काचेला चिकटलं की सुटताना रंग घेऊन सुटतं. मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी टेकू, म्हणजे भिंतीची ओल पाठीला लागत नाही. ह्या सगळ्याला पैसे जास्त पडतात. मी ते स्पष्ट सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गोदामात कमरेएवढं चढलं, पट्ट्या आणि माउंटबोर्डाचा सगळा साठा गेला. तेव्हाही स्वस्त पुठ्ठ्यावर जायचं नाही हे बाबांनी त्याच संध्याकाळी, चिखल उपसताना, सांगून टाकलं.

सोफ्यामागच्या भिंतीला दोबिन्यीची बाग मापातच बसते, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात जास्त जाणारं बागेचं चित्र तेच. अलीकडे एक काका नव्या घरासाठी आले. “ताई, चित्र सुंदर आहे, पण वास्तुशांतीला पाहुणे येणार, ती काळी मांजर तेवढी काढून द्या. आमच्या आईला चालायचं नाही.” चित्रातलं काही काढायचं किंवा कापायचं नाही, हा आमचा नियम. पण काकांच्या आईचा मान ठेवायचा होता. दोन मोठ्या चित्रांपैकी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या चित्रात मांजर आहे. जपानमध्ये हिरोशिमाच्या संग्रहालयातल्या चित्रात ती दिसत नाही, नंतर कुणीतरी रंग देऊन झाकली असं तपासणीत आढळलं. मी दोन्ही शेजारी ठेवली. काका आईला घेऊन आले. आजींनी मांजरीवर बोट ठेवून विचारलं, “ही कुठे निघालीय?” “बागेतून घराकडे,” मी म्हटलं. “घराकडे ना? मग असू दे.”

काकूंना नवा प्रिंट मी स्वतःहून करून दिला होता, त्याच भिंतीसाठी. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी तो तपासायला बोलावलं. फ्रेम खाली उतरवून टेबलावर उलटी ठेवली, मागची टेप सोडवली, माउंट उचललं. माउंटखाली झाकलेली गवताची अर्ध्या इंचाची कड आणि उजेडात राहिलेलं गवत शेजारी शेजारी दिसू लागलं. बाबांनी भिंग धरलं. दोन्हीकडचा गुलाबी सारखाच होता. काकूंनी चष्मा काढून जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. लाव परत, आणि खिळा जरा वर ठोक, मला खुर्चीतून दिसत नाही.”