कोपेनिकचा कॅप्टन भेटला तेव्हा

बर्लिनच्या आग्नेयेला कोपेनिक आहे. एस ३ ही लोकल थेट तिथे जाते. पर्यटकांच्या यादीत हे ठिकाण सहसा नसतं. मी गेले ते एका सिनेमापायी: हेल्मुट कॉयटनरचा १९५६ सालचा 'देर हाउप्टमान फॉन कोपेनिक' म्हणजे 'कोपेनिकचा कॅप्टन', मुख्य भूमिकेत हाइन्झ र्‍यूमान. मूळ नाटक कार्ल त्सुकमायरचं, १९३१ सालचं. दोनच वर्षांत नाझी सत्तेवर आले आणि त्सुकमायरच्या नाटकांवर बंदी आली.

स्टेशनवरून ट्राम मिळते, पण मी चालतच निघाले. श्प्रे नदीवरचा पूल ओलांडला की जुनं गाव लागतं. श्प्रे आणि डाहमे यांचा संगम इथेच आहे. पुढे लाल विटांची, उंच मनोऱ्याची नगरपालिका, आणि तिच्या दारातच लष्करी वेषातला ब्राँझचा व्हिल्हेल्म फोक्ट, म्हणजेच सिनेमातला तो कॅप्टन.

हा माणूस खरा. पेशाने चांभार, निम्मं आयुष्य तुरुंगात गेलेलं. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी त्याने कॅप्टनचा जुना गणवेश चढवला, रस्त्यात दिसलेल्या शिपायांना हुकूम सोडला, त्यांना रेल्वेने इथे आणलं, महापौरांना अटक केली आणि तिजोरीतली रोकड उचलली. एकाही शिपायाने त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं नाही!

नाटकात आणि सिनेमात त्याला हवा असतो पासपोर्ट. रहिवासाचा परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून परवाना नाही. परदेशात घर भाड्याने घेऊन पत्त्याची नोंदणी करायला धावलेल्या कुणालाही हे पोटात कळेल. आणि एवढा घाट घालून तो इथे पोचतो, तर पासपोर्टचं खातंच या इमारतीत नाही! पायऱ्यांवर उभं राहून मला तेच आठवत होतं.

पण माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग वेगळाच. फोक्ट मेहुण्याला म्हणतो, उद्या देवाने विचारलं, आयुष्याचं काय केलंस, तर सांगावं लागेल: पायपुसणी. तुरुंगात बसून पायपुसणी विणली. र्‍यूमान हे बोलतो तेव्हा आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच ते सहन होत नाही. विनोदी सिनेमात हे बसवायला फार मोठी हिंमत लागते. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. गणवेशापुढे मान तुकवण्याची किंमत समोर बसलेल्या प्रेक्षकांनी स्वतः मोजली होती.

सिनेमातली नगरपालिका मात्र इथे शोधू नका. कोपेनिक तेव्हा पूर्व बर्लिनमध्ये होतं, सिनेमा पश्चिम जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये तयार झाला. इथल्या खऱ्या नगरपालिकेत मात्र फोक्टवर छोटं प्रदर्शन आहे, ते जरूर बघा. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली होती, पण १९०८ मध्ये कैसरने माफी दिली. पुढे तो लक्झेंबर्गला स्थायिक झाला, १९२२ मध्ये तिथेच वारला. त्याची कबरही तिथेच आहे. आता तिकडे जायचं ठरवलंय.