चार व्हॉल्व्ह आणि बिडीचं बंडल

यावल तालुक्यात आमची केळी आहे. शेतीची लाइट आलटूनपालटून, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करायची, ठिबकचा एक व्हॉल्व्ह उघडायचा आणि बांधावर बसायचं. दीड तासाने दुसरा. असे चार व्हॉल्व्ह, अन् दर व्हॉल्व्हला दोन-तीन बिड्या. दिवसरात्र मिळून २५ बिड्यांचं बंडल संपायचं. १९ वर्षं हेच चाललं.

दोनदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बिडी सोडली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटवली. आपलं मनच कच्चं, असं वाटायचं. निकोटिन बंद झालं की दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड जातो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

यंदा बंडलावर छापलेल्या १८००-११-२३५६ या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या नंबरावर फोन केला. पैसे लागत नाहीत. पलीकडच्या ताईंनी विचारलं, उठल्यावर पहिली बिडी कधी? म्हटलं, तोंड धुवायच्या आधी. त्यांनी तारीख ठरवायला लावली आणि सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलं. मी मुद्दाम दिवसाच्या लाइटचा आठवडा धरला, म्हणजे ते तीन जड दिवस रात्री बांधावर एकट्याने काढावे लागणार नाहीत. घरातही आधीच सांगून ठेवलं, आठ-पंधरा दिवस माझी चिडचिड होईल, सांभाळून घ्या.

डॉक्टरांनी ४ मिलिग्रॅमचं निकोटिन गम दिलं. मी ते साध्या च्युइंगगमसारखं भराभर चावलं. उचक्या लागल्या, मळमळलं. दोन दिवस तसंच चाललं, मग फोनवर विचारलं तेव्हा कळलं. सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबून गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावायचं. एक गम अर्धा तास. चहानंतर पंधरा मिनिटं तोंडात टाकायचं नाही, औषध नीट शोषलं जात नाही.

खरी परीक्षा रात्रीच्या आठवड्यात झाली. व्हॉल्व्ह फिरवला की हात आपोआप खिशाकडे जायचा. म्हणून बांधावरची बाज उचलून घरी आणली, मोटरच्या खोलीतली काडेपेटी शेजाऱ्याला देऊन टाकली. खिशात फुटाणे. तलफ आली की बॅटरी घेऊन एका नळीवरचे ड्रिपर तपासत चालायचं. नळी संपेपर्यंत चार-पाच मिनिटं जातात, आणि तेवढ्यात तलफही उतरते. प्रत्येक वेळी उतरली.

मध्येच खोकला वाढला. माय घाबरली, ‘बिडी सोडली अन् पोरगं खोकायला लागलं!’ फुप्फुसं साफ होऊ लागली की काही आठवडे असं होतं, असं डॉक्टरांनी तिला समजावलं.

दीड महिन्याने एका दहाव्याला एक बिडी ओढली गेली. रात्रभर जीव खात राहिला. ताई म्हणाल्या, ‘एक ओढली म्हणून सगळं गेलं असं नाही, दुसरी पेटवू नका.’ पेटवली नाही. आता अकरा महिने झाले.

माझ्या चोपड्याच्या मेहुण्याने गेल्या सोमवारी बिडी सोडली. परवापासून त्याची रात्रीची लाइट सुरू होते. पहिल्या तीन रात्री मी त्याच्या मळ्यात असेन. बायकोने फुटाणे भाजून ठेवलेत.